काचपेटीतलं इरकली लुगडं

हंबीररावांनी बायकोचं लुगडं प्रदर्शनाला देऊन टाकलं ते निव्वळ चहाच्या गाड्यावर, बोलण्याच्या भरात.

झालं असं. प्राची म्हणून मंगळवार पेठेतलीच एक पोरगी, जैनांच्या घरातली, बडोद्याला चित्रकला शिकून आलेली. तिनं गुळाचं एक रिकामं गोदाम मिळवलं आणि त्यात शहराच्या आठवणी मांडायचं काढलं. लोकांनी घरातली एकेक जुनी वस्तू आणून द्यायची आणि वस्तूबरोबर तिची हकीकत सांगायची. आता कोल्हापूरकराला हकीकत सांग म्हणणं म्हणजे उतारावरच्या गाडीचा ब्रेक काढणं. गणपतराव टांगेवाल्यांनी टांग्याची घंटा दिली आणि सांगितलं, की ही वाजली की रंकाळ्यातले मासे काठाला यायचे. एका म्हाताऱ्या पैलवानानं बंद पडलेल्या तालमीतली घमेलंभर लाल माती दिली. ही माती अंगाला लावून त्याच्या आज्यानं म्हणे हत्ती शेपटीला धरून मागं ओढलेला. प्राची सगळं लिहून घेत होती. हत्तीसुद्धा.

गाड्यावर या वस्तूंची चर्चा चालली आणि हंबीररावांना राहवेना. त्यांचा धंदा पिढीजात दुधाचा. संध्याकाळी चौकातल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दूध तिथंच पेल्यात द्यायचं. त्यांच्या गुलछडी म्हशीचं दूध इतकं दाट, की मिशीला लागलं तर दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडंच जावं लागायचं.

"घंटा काय नि माती काय," हंबीरराव म्हणाले. "माझ्याकडं असं लुगडं हाय, ते मी नेसलं की म्हस मला बायको समजायची."

"आणि बायको काय समजायची?" गणपतरावांनी विचारलं.

"रेडा."

गाडा हसून आडवा झाला. हंबीररावही हसले. पण शब्द गेला होता, आणि पेठेत शब्द गेला की मागं घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी प्राची दारात उभी राहिली. सोबत गणपतराव, पैलवान आणि गल्लीतलं निम्मं पब्लिक. हंबीररावांनी ट्रंक उघडली, घडी उचलली आणि तशीच पोरीच्या हातावर ठेवली. एकदा नाकाला लावून बघावं असं फार वाटलं, पण एवढ्या लोकांत लाज वाटली.

लुगड्याची गोष्ट मात्र खरी होती, आणि या गृहस्थांनी आयुष्यात सांगितलेल्या गोष्टींत तेवढी एकच खरी असावी. गुलछडीची धार हंबीररावांची बायको शेवंताबाई काढायची. म्हस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे. शेवंताबाईनं नुसतं जिभेनं चुचकारलं की गुलछडीला पान्हा फुटायचा आणि शेजारच्यांच्या कोरड्या नळाला पाणी यायचं, असं हंबीरराव सांगत. नळाचं राहू द्या, पान्ह्याचं खरं. मग एका पावसाळ्यात शेवंताबाई तापानं गेली. गुलछडीनं दूध वर ओढून धरलं. पेंड घाला, मीठ चाटवा, गूळ द्या, थेंब नाही. शेवटी हंबीररावांनी बायकोचं रोजचं हिरवं इरकली लुगडं धोतरावरून गुंडाळलं, मिशीवरून पदर घेतला आणि ते खाली बसले. म्हशीनं मान वळवून खांदा हुंगला. बराच वेळ हुंगला. आणि सोडलं दूध.

पुढं रोज तेच, भर चौकात. पेठ टवाळ खरी, पण मिशीवरच्या त्या पदराला कुणी कधी हसलं नाही. लोक पेला घेऊन दुसरीकडं बघत उभे राहायचे.

मग हंबीररावांच्या गुडघ्यांनी संप केला. खाली बसवेना. गुलछडी कळंब्याच्या जयपाल आण्णांच्या गोठ्यात गेली आणि लुगडं ट्रंकेत. त्याला शेण, सरकी पेंड, चुलीचा धूर, मिशेरी आणि या सगळ्यांच्या खाली शेवंताबाईचा असा एक वास होता. हंबीररावांनी पुन्हा ट्रंक म्हणून उघडली नाही. रोज हुंगलं तर वास संपेल, या भीतीनं. आत आहे एवढं माहीत असलं की पुरे. जेवण झालं की ट्रंकेला पाठ टेकून बसायचे, एवढंच.

ते लुगडं आता गोदामात काचपेटीत होतं. वरून पिवळा दिवा, खाली पाटी. पाटीवर सूत, काठ, वीण असं जे लिहिलेलं ते वाचून हंबीररावांना वाटलं, हे दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोचं असावं. गर्दी सरल्यावर त्यांनी प्राचीला पेटी उघडायला लावली आणि लुगड्यात तोंड खुपसलं.

काही नाही. नुसतं कापड.

"धुतलंस काय पोरी?"

"नाही आबा. शपथ. मऊ ब्रशनं धूळ तेवढी काढली."

हंबीरराव तिथल्याच बाकड्यावर बसले. पोरगी खोटं बोलत नव्हती, तेवढं त्यांना कळत होतं. खोट्यात त्यांची हयात गेली होती. मग वास गेला कुठं? डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं नाकात बॅटरी मारली, मागं तो साथीचा ताप आलेला का विचारलं आणि सांगितलं, की मोठे वास येतील, बारीक जातात, आणि गेलेले आपल्याला कळतही नाहीत. तसं असावंही. पांढऱ्या रश्शाचा वास त्यांना चार गल्ल्यांवरून यायचा, पण गेल्या महिन्यात गॅसवर दूध करपलं आणि हे शेजारी पेपर वाचत बसले होते.

म्हणजे दोनच गोष्टी असू शकत होत्या. लुगड्यातनं शेवंता गेली असेल, नाहीतर नाकातनं. यातलं कुठलं खरं, हे त्यांना कोण सांगणार? पोराचं नाक तर बाराही महिने चोंदलेलं. सुनेला विचारावं तर तिला सासूचा वास काय ठाऊक, लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हतीच. तो वास ओळखणारं या जगात हंबीररावांशिवाय एकच जण उरलं होतं आणि ते कळंब्याला कडबा खात होतं.

त्यांनी प्राचीला सगळं सांगितलं आणि दोन तासांसाठी लुगडं मागितलं. प्राची अडली. प्रदर्शन चालू असताना वस्तू बाहेर द्यायची नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. एकाला दिली तर उद्या गणपतराव घंटा मागायला येतील.

"मग म्हस आत येईल की," हंबीरराव म्हणाले.

प्राचीनं थोडा विचार केला. बडोद्याला शिकली असली तरी पोरगी पेठेतली. म्हणाली, दार मोठं आहे, बसेल.

गुलछडीला आणायला टेम्पो लागला नाही. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून म्हशी मोटरसायकलमागं पळवायची आपल्याकडं रीत, आणि गुलछडी त्यात पटाईत. हंबीररावांनी जुनी राजदूत बाहेर काढली, सायलेन्सर उतरवला आणि कळंब्याला जाऊन गोठ्यासमोर एकदा गाडी ताणली. खोटं वाटेल, पण गुलछडीनं खुंटा उपटला आणि खुंट्यासकट मागं निघाली. जयपाल आण्णा धोतर सावरत आणि त्यांची बायको विजयमाला वैनी डोक्यावरचा पदर धरत रिक्षातनं तिच्या मागं. वाटेत सिग्नल लाल होता. तो म्हशीला बघून हिरवा झाला.

आण्णांना वेगळीच काळजी होती. गुलछडी विताना रेडकू गेलेलं, तेव्हापासून दूध चोरत होती. कासंडीचा तळ झाकेल एवढंच द्यायची, बाकीचं वर ओढायची. वैनीनं सगळे उपाय करून झाले होते.

गोदामात पब्लिक मावेना. गुलछडी आत आली, तालमीची माती एकदा चाटली, पैलवानाला नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि मधोमध उभी राहिली. प्राचीनं पेटी उघडली. हंबीररावांनी लुगडं नेसलं नाही, चुचकारलं नाही, म्हशीच्या नजरेला नजरही दिली नाही. आपल्या ओळखीवर पान्हा नको होता त्यांना. घडी दोन्ही हातांवर घेऊन पुढं धरली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

पाठीमागं गोदाम गप्प झालं. कोल्हापुरात एवढी माणसं एकत्र आणि गप्प, हे एवढंच या गोष्टीतलं अशक्य कोटीतलं. म्हशीचा गरम श्वास त्यांच्या मनगटाला लागत होता. लागत राहिला. मग विजयमाला वैनी हळूच म्हणाली, "अवो, धार सोडली बघा."

चारी सडांतून दूध आपोआप गळत होतं. आण्णांनी समोर मांडून ठेवलेली कुणाच्या तरी आजीची पितळी चरवी पाटीसकट उचलली आणि खाली धरली. ती भरली, मग तांब्या भरला, मग चहाच्या गाड्यावरनं पेले आले. पैलवानानं दोन पेले रिचवले आणि भिंतीला टेकून डोळे पुसले. लोक हंबीररावांच्या पाठीवर थापा मारत होते. म्हातारी अजून हाय की लुगड्यात, असं गणपतराव सगळ्यांना सांगत सुटले, जणू हा पराक्रम त्यांच्या घंटेचाच होता.

हंबीररावांनी लुगडं पुन्हा नाकाला लावलं. या टोकाला, मग काठाला, मग पदराला. शेवटी नुसतंच गालाला लावून उभे राहिले.

प्राची जवळ आली. "आबा, आहे ना? झालं ना तुमच्या मनासारखं?"

"हाय," हंबीरराव म्हणाले. "ती हाय. मला येत न्हाय."

तिनं काचपेटीकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं आणि म्हणाली, "घेऊन जा तुम्ही. नियम माझाच आहे."

ते घडी काखेत मारून दारापर्यंत गेले. घरी न्यायचं, ट्रंकेत ठेवायचं, पाठ टेकून बसायचं. पण आत काय आहे हे आता आपल्याला कधीच कळणार नाही, नुसतं माहीत असणार. ते वळले. विजयमाला वैनी म्हशीची दोरी धरून उभी होती. तिच्या हातात त्यांनी घडी दिली.

"वैनी, धारंला बसताना हे डोक्यावरनं घेत जावा. धुऊ नका."

वैनीनं विचारलं, की भावजी, एवढी जपलेली वस्तू गोठ्यात कशाला?

"जिला वास येतो तिच्याजवळ ऱ्हाऊ दे की."

काचपेटी पुढं प्रदर्शन संपेपर्यंत रिकामीच होती. पुण्यामुंबईची माणसं तिच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहायची, असं प्राची सांगते.

हंबीरराव मात्र प्रदर्शनाला पुन्हा फिरकले नाहीत. दिवस कलला की राजदूत कळंब्याकडं निघते, आता सायलेन्सर लावून, हळू. आण्णा गोठ्यात खुर्ची टाकून देतात. वैनी हिरवं लुगडं डोक्यावरनं घेऊन गुलछडीजवळ जाते. म्हस मान वळवते आणि वैनीच्या खांद्याला नाक लावते. हंबीरराव त्या दोघींकडं बघत नाहीत, फक्त त्या काळ्या ओल्या नाकपुड्यांकडं बघतात. त्या फुलतात. गुलछडी एक लांब श्वास आत घेते, आणि ती तो सोडेपर्यंत हंबीररावही आपला धरून ठेवतात.