उंबऱ्याच्या आत

"कयल इथं छान चालते. घरी कशी चालते?" अमला मॅडमनी विचारलं.

"घरी?" पाप्पम्माळला प्रश्नच कळेना. "घरात बूट घालून कोण फिरतं? उंबऱ्याशीच काढते, पुसून नीट ठेवते. घरात रांगते की ती."

मदुरैच्या त्या केंद्रात सेरेब्रल पाल्सीची मुलं चालायला शिकत. पाप्पम्माळला अप्पत्ता, म्हणजे आजी, म्हणणारी तिची नात कयल, पोटरीपर्यंत पट्ट्या आवळलेल्या खास बुटांत, दांड्या धरून बरी चालू लागली होती. तिला चालायला शिकवणाऱ्या अमला मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो अप्पत्ता, बुटांशिवाय तिची टाच टेकत नाही. इथं तासभर चालायचं न् घरी दिवसभर रांगायचं, मग पोर चालायची कधी?"

पाप्पम्माळ ओशाळली. गजरे विकून नात वाढवणारी ही बाई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण उंबऱ्याच्या आत पायताण म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. रिक्षात ती सारखी त्या बुटांकडे बघत होती.

घराशी येताच कयल सवयीनं खाली बसून पट्ट्या सोडू लागली.

"राहू दे," पाप्पम्माळ म्हणाली. ओल्या फडक्यानं तिनं बुटांचे तळ खसाखसा पुसले, "मुरुगा, सांभाळून घे" म्हटलं आणि भिंत धरायला हात मोकळे राहावेत म्हणून देवाला घालायचा हार नातीच्या गळ्यात अडकवून तिला आत उभं केलं.

शेजारची सेल्वी दारात आली. "अय्यय्यो अक्का! देवापुढं बूट? मग मीपण चपला घालून येते."

"तू काढूनच ये. तुझे पाय देवानं सरळ करून पाठवलेत. हिचे आम्ही करतोय."

सेल्वी चपला काढून आत आली.

कयल भिंतीला धरून निघाली. मध्येच झोकांडी गेली. पाप्पम्माळचे हात शिवशिवले, तिनं ते पदरात गुंडाळून घेतले.

"अप्पत्ता, धर ना गं!"

"नाही धरत. भिंत आहे, तू आहेस."

आजवर कंबरेत उचलूनच तिला मुरुगनच्या तसबिरीपर्यंत न्यावं लागे. आज ती आपल्या पायांनी पोचली. गळ्यातला हार काढून तिनं तसबिरीला घातला. पाप्पम्माळचा ऊर अभिमानानं भरून आला.

हार तिरका बसला होता. सेल्वी तो सरळ करायला पुढे झाली.

"हात लावशील तर बघ!" पाप्पम्माळ म्हणाली, आणि मोगरा निवडायला बसली.