छत गळतं म्हणे

मी दिवाणखान्यातलं झुंबर बोलतोय. आवाज जरा खालीच ठेवतो. वरच्या मजल्यावर ऐकू जायला नको.

जन्म कारखान्यातला, पण मिरवलो दुकानाच्या काचेत. तिथून सरांनी मला घरी आणलं. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. घराचं कर्ज फिटत आलं होतं. त्याच घरावर वाढीव कर्ज काढून नवी फरशी आली, सोफे आले, मी आलो. "पगार आहे की," सर म्हणायचे. माझ्याखाली बसून त्यांनी पाहुण्यांना काटकसरीचे किती धडे दिले! मी आपला वर लखलखत असायचो.

मग कॉलेज बंद पडलं. हप्ते थकले, बँकेने घर जप्त करण्याची नोटीस धाडली. तेवढ्यात सरकारने योजना काढली: अडलेल्यांचं वर्षभराचं व्याज सरकार भरणार. अट एकच, कर्ज चैनीसाठी काढलेलं नसावं. तपासनीस येणार म्हणताच सरांनी स्टुलावर चढून मला जुन्या चादरीत गुंडाळलं.

"अहो, शोभतं का हे तुम्हाला?" सरांच्या पत्नी, आमच्या बाई, म्हणाल्या.

"रस्त्यावर येणं शोभेल? तू स्टूल धर."

तपासनिसाने वर पाहिलंच. "हे काय बांधलंय?"

"छत गळतं हो," सर म्हणाले.

माणूस भला. त्याने सवलत मंजूर केली, आणि जाता जाता वर जाऊन गळतीचंही सांगितलं. वर एक नर्स राहते. जादा पाळ्या करून हप्ता वेळेवर भरते. म्हणून तिला सवलत नाही. तिने मुकाट्याने फरशी फोडायला घेतली. हातोड्याच्या प्रत्येक घावाला चादरीत माझे लोलक थरथरत होते.

"जाऊन सांगा तिला," बाई म्हणाल्या.

"आणि सवलत रद्द झाली तर?"

काल तीच खाली आली, हातांना सिमेंट. "सर, पाइप बदलला. आता गळतं का हो? की अजून फोडू?"

"नाही, नाही. थांबलं. उपकार झाले, ताई."

"उपकार कसले! दोष माझ्याच पाइपाचा. तुम्हालाच उगाच त्रास."

ती गेल्यावर सरांनी दार लावून घेतलं.

सर, मला उतरवा आणि विका. येतील ते पैसे वर नेऊन द्या. खरं सांगितलंत तर सवलत जाईल, कदाचित घरही. मला हे बोलणं सोपं आहे, मला कुठलंही छत चालतं. पण तिचा पाइप धड होता, एवढं तरी तिला सांगा.