रानपाटी हलवा ओळखायला शिकली

मी रानपाटी बोलतेय. दगडाची नव्हे हं. टॅबलेटच्या काचेआड राहून चिमुरड्यांना झाडं, पक्षी, किडे, मासे दाखवणारी. मोठी माणसं मला सॉफ्टवेअर म्हणतात, पण तो शब्द माझ्या पोरांच्या तोंडात मावत नाही.

माझा जन्म गिरगावात, इरावतीच्या जेवणाच्या टेबलावर झाला. ऑफिसातून आली की ती मला घडवायला बसायची. एकशे बारा चित्रं तिने स्वतः रंगवली, नावं स्वतःच्या आवाजात भरली. उत्तर बरोबर आलं की चिमण्या भुर्रकन उडायच्या, चुकलं की बेडूक ओरडायचा, "डरांव! चूक!" त्या बेडकाचा मला भारी तोरा होता.

मग मी भोईवाड्यातल्या एका बालवाडीत नांदायला आले. तिथे शांताबाई एका टॅबलेटवर बावीस मुलं सांभाळतात आणि एकाचीही पाळी चुकू देत नाहीत. धन्य आहे त्या बाईंची!

त्या बावीसांत होती पाच वर्षांची किर्ती, शिवडीच्या कोळीवाड्यातली. एकदा मी तिला काळपट, रुंद मासा दाखवून विचारलं, "मी कोण?" खाली दोन बोलके ठिपके होते: लाल म्हणायचा 'पापलेट', निळा म्हणायचा 'हलवा'. तिने झटकन निळा दाबला. बेडूक ओरडला. तिने पुन्हा निळाच दाबला. असं सात वेळा! आठव्यांदा तिने हळूच लाल दाबला, आणि मी शहाणीने चिमण्या उडवल्या.

चूक माझीच होती. इरावतीच्या घरी मासा कधी शिजला नाही. तिने हलव्याच्या चित्राला पापलेटचं नाव दिलं होतं. शांताबाई माळकरी, त्यांना सगळे मासे सारखेच.

दुसऱ्या दिवशी किर्तीची आजी, मासे विकणारी पुतळाबाई, टोपलीसकट वर्गात शिरली.

"बाई, काल माजी पोर हलव्याला पापलेट बोलली. गिऱ्हाइकासमोर! इचारला तं बोलते, 'आजी, तुला नाय येत, टॅबला येतं.' पोरीचा सोताच्या डोल्यांवरचा भरवसाच गेला!"

तिने कागदावर दोन मासे मांडले. "हात लावा रे. ह्यो हलवा, शेपटीपाशी खरखरीत. न् ह्यो पापलेट, चांदीवानी."

पोरं तुटून पडली. माझ्या एकशे बारा चित्रांना असं कुणी कधी कुरवाळलं नव्हतं. किर्ती मात्र लांबच उभी राहिली. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शांताबाईंनी तिथूनच इरावतीला फोन लावला. रविवारी ती नाकाला रुमाल लावून पुतळाबाईच्या टोपलीसमोर बसली. मी तिच्या मोबाइलमध्ये होतेच. तासाभरात रुमाल पर्समध्ये गेला.

"मावशी, माशांची नावं तुमच्याच आवाजात भरूया का?"

"भर गो बाय. पन त्या बेडकाला आधी गप कर."

आता माझे मासे पुतळाबाईच्या खणखणीत आवाजात बोलतात. बेडूकही 'चूक' म्हणत नाही, 'पुन्हा बघ' म्हणतो.

तरी किर्तीने आठवडाभर मला हात लावला नाही. मग एका सकाळी ती आली. मी तोच काळपट मासा दाखवला. तिने निळा दाबला, चिमण्या उडाल्या. ती हसली नाही. मुद्दाम लाल दाबला. बेडूक म्हणाला, "पुन्हा बघ." तशी ती वळून म्हणाली,

"बाई, हिला आता येतं."

इतके दिवस शाबासकी मीच वाटत होते. मला मिळालेली ही पहिलीच. पोरांनो, माझं आणि तुमच्या डोळ्यांचं पटलं नाही, तर मला खुशाल आजीसमोर नेऊन उभं करा.