दुधाच्या डब्यातले दोरे

राजेश्वर गावात मार्थाबाईंची कात्री त्यांच्या बायबलइतकीच प्रसिद्ध होती. त्या घरोघर फिरून बायकांना शुभवर्तमान सांगत, आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्या घरात लेकराच्या गळ्यात मंतरलेला दोरा दिसला की कचकन कापत. "प्रभूनं मोकळं केलंय, आता हे दावं कामून?" रविवारी ख्रिस्ती देवळात सगळ्यांपुढं द्यायची त्यांची साक्षही ठरलेली असे: अकरा दोरे चुलीत घातले, अकरा लेकरं ठणठणीत. पाळकसाहेबसुद्धा मान डोलावत.

चुलीत मात्र एकही दोरा गेला नव्हता. पहिला जाळायला बसल्या आणि हात मागे आला. न जाणो, पोराला काही झालं तर? मग तो मिशनच्या दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात गेला आणि डबा ट्रंकेत, लुगड्यांखाली. बाकीचे दहाही त्याच वाटेनं गेले. मोकळेपणाच्या गोष्टी सांगणारी बाई अकरा दोऱ्यांना बांधलेली होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात एका दुपारी बसव्वा आली. तिला बाप्तिस्मा घेऊन चारच महिने झाले होते, आणि तिच्या पोराचा दोरा मार्थाबाईंनीच कापला होता. कडेवरचं पोर तापानं निपचित पडलेलं.

"तीन दिस झाले अक्का, आंग तापायलंय. सासू म्हणायलीय, दोरा तोडला म्हणून झालं."

मार्थाबाईंनी विचारलं, "दोरा मागायला आलीस व्हय?"

"जळाल्याला कसा मागू? बसवकल्याणच्या दवाखान्यात निघालेय. मोटारीला येळ हाय, म्हणून आले. दोरा चुलीत टाकताना तुमाला भ्या वाटलं न्हाई. ते भ्या कसं घालवायचं, तेवढं सांगा."

बायबलातलं एक वचन म्हणून दाखवून तिला वाटेला लावता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या पोराकडे बघून मार्थाबाईंना स्वतःची अशी लाज वाटली की त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि डबा बसव्वापुढं ठेवला.

बसव्वानं आपला काळा दोरा लगेच ओळखला. तिनं तो बोटानं चाचपून बघितला.

"तुमी बी भ्यालाव?"

"व्हय. पहिल्या दिवसापासून. रविवारी खोटं बोलले मी."

बसव्वा चिडेल, थुंकेल, असं त्यांना वाटलं. तिचे डोळेच भरून आले. "चार महिने मला झोप न्हाई, अक्का. समदे मोकळे झाले, मीच एकटी पापीण, असं वाटायचं."

हा घाव मार्थाबाईंच्या वर्मी बसला.

बसव्वानं दोरा मुठीत घेतला, पोराला सावरलं. "न्हेते हा. बांधायचा का टाकायचा, माझं मी बघते. तुमी प्रार्थना करा."

"करते. आणि बांधलास तरी रविवारी आपल्या देवळात ये."

ती मोटारीकडे गेली. डब्यात दहा दोरे उरले होते, आणि गावात त्या दोऱ्यांची दहा घरं. मार्थाबाईंनी डबा पदराखाली घेतला, पायात चपला सरकवल्या आणि पहिल्या घराकडे निघाल्या. कात्री त्यांनी घरीच ठेवली.