मनगटाचं माप

बसमधून उतरलेल्या बाईने हसून हात पुढे केला आणि तिच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसली, तेव्हाच नेउसने तिला ओळखलं. ही फट तिने पाहिली होती. सासूबाईंच्या जेवणघरात, काचेच्या कपाटावर, डोंगरातल्या सहलीच्या एका जुन्या फोटोत. फोटोत ओलेगेर होता, नेउसचा नवरा, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ही बाई अशीच तोंडभर हसत होती. लग्न झाल्यापासून नेउसने तो फोटो दोनदा कपाटामागे सरकवला होता, आणि दोन्ही वेळा तो पुन्हा पुढे येऊन बसला होता. सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, त्यात ओलेगेर किती छान आलाय!"

"मी इवेत सेर्रा," बाई म्हणाली. "आजच्या दिवसाची गाडी माझीच ना?"

"तुमचीच. मी नेउस. या, बसा."

आरक्षणात नुसतं 'सेर्रा' लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी भांडी पुसताना ओलेगेरने विचारलंही होतं, "उद्या कुणाला नेतेस?" ती म्हणाली होती, "बार्सेलोनाची कुणी सेर्रा बाई आहे." त्यावर तो तीच बशी पुसत राहिला होता, कोरडी झाल्यावरसुद्धा. तेव्हा नेउसला त्यात काही वाटलं नव्हतं. आता ती बशी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यांच्या ला सेऊ गावापासून अंदोरा या छोट्या देशाची हद्द गाडीने पंधरा मिनिटांवर. नेउस लेइदाला इतिहास शिकली होती, म्युझियममध्ये नोकरीही केली होती. पण लेक झाली, ब्रुना, आणि ती नोकरी सुटली. आता ती स्वतःच्या गाडीतून एकेका गिऱ्हाइकाला अंदोरात नेऊन आणायची. कुठल्या दुकानात काय चांगलं मिळतं, कुठला विक्रेता गळ्यात मारतो, गाडी कुठे लावायची, हे सगळं तिला पाठ होतं. बिनजकातीच्या खरेदीचा एक दिवस, संध्याकाळी परत. काम सोपं, आणि पोरीला सासूकडे ठेवलं की दिवस मोकळा. पोरगी दहा महिन्यांची, दात येत होते, रात्रभर किरकिरली होती.

"तुम्ही इथल्याच?" इवेतने मागच्या सीटवरून विचारलं.

"लग्नाने इथली."

"सासर कसं आहे?"

"सासरासारखंच."

इवेत खळखळून हसली. "या डोंगरातल्या सासवा कानेलोनी मात्र झकास करतात म्हणे. खाऊन खाऊन माणूस आडवा होतो."

नेउसने स्टिअरिंग घट्ट धरलं. सासूबाई दर सणाला खिमा भरलेले कानेलोनीच करायच्या. हिला सगळं ठाऊक आहे, तिला वाटलं. की काहीच ठाऊक नाही, आणि सहज बोलतेय? आरशात तिने इवेतकडे पाहिलं. केस नुकते कापलेले, ओठांवर लाल रंग, कोटावर एक डाग नाही. नेउसने हळूच आपल्या खांद्यावर पाहिलं. दुधाची उलटी पुसून काढली होती, पण वास येतच होता.

दुकानांत इवेतचा हात सैल होता. आधी चामड्याची पर्स घेतली, मग अत्तरं. प्रत्येक अत्तर मनगटावर लावून ती नेउसच्या नाकाशी धरायची. "सांगा ना, तुम्हाला कुठलं आवडेल? पुरुषाला कुठलं आवडेल?"

"ते पुरुषापुरुषावर आहे," नेउस म्हणाली.

"तुमच्या पुरुषाला?"

"त्याला चीजचा वास आवडतो. डेअरीत कामाला आहे."

"हो का!" इवेत म्हणाली आणि वळून दुसरी बाटली उचलली. ते 'हो का' नेउसने चार वेगवेगळ्या तऱ्हांनी मनात घोळवून पाहिलं. चारही तऱ्हांनी ते खोटं निघालं.

मग इवेत घड्याळाच्या दुकानात शिरली.

"पुरुषाचं हवंय," तिने सांगितलं. "पोलादी पट्ट्याचं. भेट द्यायचीय."

दुकानातली ग्रासा पोर्तुगालची, बडबडी आणि नेउसच्या चांगल्या ओळखीची. तिने घड्याळं मांडली. इवेतने एक उचललं, ठेवलं, परत तेच उचललं. ग्रासाने विचारलं, "मनगट केवढं आहे हो साहेबांचं? पट्टा तेवढा करून देते."

इवेतने हात वर केला. हवेतच कुणाचं तरी मनगट धरावं तसा अंगठा आणि मधलं बोट वळवलं. दोन्ही जुळवायला गेली, आणि जुळवलं नाही. मध्ये बोटभर जागा सोडली.

"एवढं."

"अगंबाई! गडी दणकट दिसतोय," ग्रासा हसली. "एकही कडी काढायला नको."

नेउसची नजर त्या बोटांवर खिळली. ती बोटभर जागा तिच्या ओळखीची होती. ब्रुनाच्या वेळी कळा येत होत्या तेव्हा तिने तेच मनगट धरून ठेवलं होतं, आणि तिच्याही बोटांत तेवढंच अंतर राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मनगटावर तिच्या नखांचे वण होते. ओलेगेर ते सगळ्यांना दाखवत फिरला होता. आणि आता ही बाई तेच मनगट भर दुकानात, भाजीची जुडी दाखवावी तसं दाखवत होती.

संत ओलेगेरचा दिवस, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांचाच नामदिन, पुढच्या आठवड्यात होता. नवऱ्याच्या नामदिनाला काय द्यावं, याचा नेउसने अजून विचारही केला नव्हता.

"घड्याळाची पावती तुमच्या नावाने करता ना?" इवेत म्हणाली. "माझा वाटा पर्समध्येच संपला. तुम्ही लोक असं करता, असं ऐकलंय."

तसं करायचेच. माणशी ठरावीक किमतीपर्यंतचाच माल बिनजकातीचा आणता यायचा. गिऱ्हाइकाचा वाटा भरला की उरलेली वस्तू गाडीवाल्याच्या नावावर निघायची, नाक्यावर गाडीवाल्याची म्हणून पुढे जायची आणि पलीकडे गेलं की ज्याची त्याला मिळायची. सगळेच करायचे, आणि कुणीच कुणाला गंडवायचं नाही, हा धंद्याचा शब्द. नेउसने मान हलवली. ग्रासाने तिच्या नावाची पावती केली आणि घड्याळ तिच्या हातात चढवलं. ते कोपराकडे घसरत गेलं.

जेवायला बसल्यावर इवेतने दोघींना कोबी-बटाट्याचा त्रिंशात मागवला. नेउसने आपली बशी तशीच ठेवली. ती उठून बाहेर गेली आणि सासूबाईंना फोन लावला.

"झोपलीय पोर," रेमेई सासूबाई म्हणाल्या. "किती वेळा फोन करशील गं? मी तीन वाढवलीत, एकही हरवलं नाही."

"ताप नाही ना? हिरड्यांवर थंड चमचा…"

"चमचा फिरवला, पोरगी हसली, चमचा फेकला. आणखी काही?"

नेउस घुटमळली. "ओलेगेर आला का जेवायला?"

"नाही. डेअरीत काम निघालं म्हणाला."

आजच नेमकं. नेउसने काचेतून आत पाहिलं. इवेत फोनवर काहीतरी लिहीत होती आणि स्वतःशीच हसत होती. नेउसच्या अंगाचा तिळपापड झाला. आत जाऊन ती बसली आणि थंड झालेला त्रिंशात तिने मुकाट्याने संपवला, कारण पैसे ती बाई देत होती.

परतीला नाक्यावर रांग होती. जकात तपासणारा एलाद्यो खिडकीशी वाकला. तो इथला नव्हता, पण ओलेगेरबरोबर पत्ते खेळून खेळून इथलाच झाला होता.

"काय वहिनी, आज काय लूट?"

मागे इवेतने पर्स आणि अत्तरं दाखवली. एलाद्योची नजर नेउसच्या हातावर गेली. "आणि हे? एवढं पुरुषी घड्याळ?"

नेउसने नुसतं 'माझं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पावती तिच्या नावाची होती, आणि आजवर ती तेवढंच म्हणत आली होती. पण मागे बसलेल्या बाईला ऐकू जावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "ओलेगेरचं आहे. नामदिनाला देणार आहे."

"अरे वा!" एलाद्योने शीळ घातली. "आमच्या बायकोला सांगू नका हं वहिनी. ती मला दरवर्षी मोजे देते." आणि हसत त्याने गाडी सोडली.

नेउसने आरशात पाहिलं. इवेतचा चेहरा उतरला होता. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि ओठांवरचा लाल रंग तेवढा जागच्या जागी होता.

नदीच्या कडेला पॉपलरच्या झाडांखाली एक मोकळी जागा होती. वस्तू परत द्यायला नेउस नेहमी तिथे थांबायची. आजही थांबली. इंजिन बंद केलं, पण हातातलं घड्याळ काढलं नाही.

"माझं घड्याळ," इवेत म्हणाली.

"कुणासाठी आहे ते सांग, मग देते." आपण तुम्हीवरून तूवर कधी आलो, तिलाच कळलं नाही.

"आत्ताच तर तू सांगितलंस. ओलेगेरसाठी."

"चेष्टा पुरे झाली."

"चेष्टा सुरू कुणी केली? नाक्यावर त्याचं नाव घ्यायची काय गरज होती?"

"आणि तू दुकानात त्याचं मनगट दाखवलंस ते?" नेउस मागे वळली. "मला कळत नाही असं वाटलं? ते मनगट मी ओळखते."

इवेत गोंधळून बघत राहिली. "काय बोलतेस? घड्याळ फेलिऊचं आहे. माझं लग्न ठरलंय. मागणीच्या जेवणाला तो मला अंगठी देणार, मी त्याला घड्याळ. तुमच्याकडे नाही का करत?"

"करतात." नेउसने ओलेगेरला काहीच दिलं नव्हतं. ब्रुना पोटात होती, सगळं घाईत उरकलं होतं. तो अजून रबरी पट्ट्याचं जुनं घड्याळ वापरायचा.

इवेतने फोनवरचा फोटो तिच्यासमोर धरला. चष्म्यातला एक हसरा माणूस, कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. हातात कॉफीचा कप, आणि मनगट बासरीएवढं.

नेउसने त्या मनगटाकडे पाहिलं आणि मग आपल्या हातातल्या घड्याळाकडे. इवेतनेही पाहिलं. मग इवेतने हात वर केला आणि पुन्हा तसंच हवेत मनगट धरलं. मधल्या त्या बोटभर जागेकडे ती बघत राहिली. हळूहळू तिने बोटं जवळ आणली, ती जुळली, मग एकमेकांवर चढली.

"असं आहे त्याचं," ती पुटपुटली. "असं."

नेउस घड्याळ हातावर वर-खाली सरकवत राहिली.

"मी मुद्दाम नाही केलं," इवेत म्हणाली.

"माहीत आहे," नेउस म्हणाली. तेच तर वाईट होतं. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं.

"आलीस कशाला मग?" नेउसनेच पुढे विचारलं.

"तुला बघायला. लग्नाआधी एकदा, बस. कोण आहे ती."

"बघितलंस?"

"बघितलं. गाडी छान चालवतेस. पोरीवर जीव टाकतेस, सारखे फोन करतेस." इवेतने डोळे पुसले. "आणि माझ्यावर जळतेस. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं."

नेउसला हसू आलं ते तिने गिळलं. "सासूबाईंनी अजून तुझा फोटो ठेवलाय. कपाटावर."

"माझा? मला तर ती बाई उंबऱ्यातसुद्धा उभी करत नव्हती! कानेलोनी वाढताना माझ्या ताटात शेवटचा, जळका पडायचा. तुला डिवचायला ठेवला असेल."

"त्याला माहीत आहे? तू आलीस ते?"

"मी सांगितलेलं नाही. तुझ्या बुकिंगवर नाव पाहिलं असेल तर तो जाणे."

कोरडी बशी पुन्हा नेउसच्या डोळ्यांसमोर आली. ते घरी गेल्यावर विचारायचं, की कधीच नाही, तिला ठरवता येईना. तिने घड्याळ काढून इवेतच्या हातात दिलं. आणि दिल्या दिल्या तिला ते परत हवंसं झालं. ओलेगेरच्या मापाचा पट्टा बसमध्ये बसून बार्सेलोनाला जाणार, त्या बाईच्या घरात, टेबलावर, उशाशी पडून राहणार.

"कड्या काढून घ्यायला हव्यात," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर घेईन."

"नाही. आत्ता. गावात घड्याळं दुरुस्त करणारा सिस्को आहे, बस सुटायच्या आत करून देईल."

"अगं, पण…"

"आत्ता," नेउस म्हणाली आणि गाडी सुरू केली.

म्हातारा सिस्को दुकान बंद करायच्या बेतात होता. नेउस दारातच पाय रोवून उभी राहिली, तेव्हा कुरकुरत परत बसला. "मनगट कुठाय?"

इवेतने बोटं दाखवली, एकमेकांवर चढलेली. या वेळी तिने आधी फोनवरचा फोटो पाहून घेतला.

"पोराचं आहे का?"

"होणाऱ्या नवऱ्याचं."

"मग त्याला जरा खाऊ-पिऊ घाला," सिस्को म्हणाला आणि कामाला लागला. एकेक कडी खटकन निघून फडक्यावर पडत होती. नेउस डोळ्यांत तेल घालून बघत होती.

"अजून एक काढा," ती म्हणाली.

"बाई, फार होईल."

"काढा हो," इवेत म्हणाली. "तिचं बरोबर आहे."

काढलेल्या कड्या सिस्कोने कागदाच्या पुडीत बांधल्या. "जपून ठेवा. लग्नानंतर पुरुष सुटतात, परत लागतील."

इवेतने हात पुढे केला, पण नेउसने पुडी आधीच उचलली होती.

"या राहू देत माझ्याकडे."

"आणि फेलिऊ सुटला तर?"

"तर नव्या करून घे. त्याच्या मापाच्या."

इवेत तिच्याकडे टक लावून बघत राहिली. काही बोलेल, भांडेल, असं नेउसला वाटलं. सिस्कोसुद्धा चष्म्यावरून दोघींकडे पाहत राहिला. मग इवेतने घड्याळ डबीत ठेवलं आणि डबी नव्या पर्समध्ये टाकली.

"ठेव बाई," ती म्हणाली. "माझ्या काय कामाच्या त्या."

स्टँडवर बस लागलेलीच होती. इवेत चढली, खिडकीशी बसली, आणि बस वळताना तिने हात हलवला. नेउसनेही हलवला, डावा. उजव्या हाताची मूठ तिला उघडायची नव्हती.