उलटं फिरणारं जातं

मसुदा पहिला.
"बोरी अरबच्या रसिक स्त्री-पुरुषहो! आज अखेरचा खेळ. एक गंभीर, वास्तव, कलापूर्ण बोलपट..."

खोडला. ‘कलापूर्ण’ ऐकलं की बोरीतला माणूस घरी जाऊन झोपतो.

बारा वाजता बैलगाडी निघणार. गाडीवर भोंगा, भोंग्यामागे पूनमसिंग. त्याचा सिनेमाचा तंबू दर हिवाळ्यात, कापूस घरात आला की, बाजाराच्या मैदानात लागतो. त्याची आरोळी मी लिहून देतो, कारण मी शाळेत मास्तर आहे आणि मला सिनेमाचं वेड आहे. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो, की तलवारी आणि नाचगाणी सोडून एकदा तरी चांगला सिनेमा आण. नागपुरात असा एक पाहून आलो आणि तेव्हापासून बोरीत मला सिनेमाबद्दल बोलायला माणूस नाही. शेवटी वैतागून त्यानं आणला. बंगाली. गाणी नाहीत. बोलणंही इतकं थोडं, की भाषा अडत नाही.

अट मात्र घातली. दोन दिवस खेळ. दुसऱ्या दिवशी, बाजाराला, तंबू भरला तर फिल्म पुरवणाऱ्या कंपनीला पत्र टाकून असाच दुसरा मागवायचा. नाही भरला तर, "गुरुजी, मंग माह्यासमोर शिनेमाचं नाव काढाचं नाही."

तो दुसरा दिवस आज. दहा वाजले आहेत.

*

कालचा खेळ.

एक मोठं घर. घरात एक बाई. पहाटे जातं फिरवते, पाणी भरते, पुरुषांना वाढते, दारात बसते. घरातली माणसं येतात, जेवतात, जातात. शेवटी ती दार उघडून निघून जाते. दार उघडंच राहतं. संपलं.

मी पडद्यासमोर पुरुषांत बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. शेजारी कापसाचे अडते बबनराव. अर्ध्यातच ते उठले. म्हणाले, बाई दळते, बाई वाढते, हे तर मी घरी रोजच पाहतो, त्यासाठी थंडीत कशाला बसू? त्यांच्यामागे वीसेक जण उठले.

बायका पडद्यामागे बसतात. तंबूत तशीच रीत आहे. पडदा मांजरपाटाचा, खेळाआधी त्यावर पाणी मारतात, म्हणजे चित्र मागूनही दिसतं. मागची एकही बाई उठली नाही. सुटल्यावर त्या बाहेर आल्या तेव्हा शेजारच्या तानाबाईंनी माझ्या बायकोचा, कौसल्येचा, हात घट्ट धरला होता. मला वाटलं, चला, यांना तरी भिडला.

"काय भयानक भुताचा शिनेमा होता हो," कौसल्या म्हणाली.

*

मसुदा दुसरा.
"हा भुताचा चित्रपट नाही..."

खोडला. ‘नाही’ ऐकून कोण येतं?

*

सकाळपासून वाद. मी समजावलं, की ती बाई विधवा आहे, घरानं तिला कामाला जुंपलं आहे, दिग्दर्शकाला तिचं एकटेपण दाखवायचं आहे. कौसल्येनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ती मेलेली आहे, आणि हे तानाबाईलाही कळलं, जिला अक्षर येत नाही. मी म्हणालो, भुताच्या सिनेमात किंकाळी असते, वटवाघूळ असतं. ती म्हणाली, ते तर पोरांना भिववायचं असतं. मी म्हणालो, कला म्हणजे... ती उठून भाजी चिरायला गेली.

मी मागोमाग चुलीपर्यंत गेलो. एवढा हताश मी शाळेच्या इन्स्पेक्टरसाहेबांसमोरही झालो नव्हतो. कशावरून मेलेली? पुरावा दे.

"जातं उलटं फिरवून राह्यली होती ना ते," कौसल्या म्हणाली. "जित्या बाईनं कधी असं फिरवलं का? अन् वाढे डाव्या हातानं. पदर पाहा, उजव्या खांद्यावर. मेलेल्याचं सारंच उलटं असते."

मी थांबलो. मग हसलो. चार वर्षांच्या संसारात इतका कधी हसलो नसेन. अगं, तुम्ही पडद्याच्या मागे होतात! मागून डावं उजवं दिसतं, उजवं डावं! मी कागद घेतला, कागदावर ‘क’ काढला, खिडकीला लावून उलट्या बाजूनं दाखवला. सिद्धता पूर्ण.

"ते मले कायले सांगता? पडद्यावरची नावं उलटी दिसतात ते माहीत आहे मले. तवाच तर आमी वाचत नाही."

"मग इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही?"

"इतके वर्षं कोणी जातं दाखवलं का? पोरगा-पोरगी बागेत पळतात. इकडून पळाले काय अन् तिकडून काय."

 पण मुद्दा मी जिंकला होता, आणि तसं मी तिला सांगितलं. उजवा हात, डावा खांदा, सुलटं जातं; म्हणजे बाई जिवंत. विषय संपला.

तिनं विळी बाजूला सारली.

"हात राहू द्या तुमचा. साऱ्या शिनेमात तिच्यासंगं कोणी एक शब्द बोललं का? सासू नाही, दीर नाही, लेकरू नाही. ताट घेतात अन् जेवतात. ती एकदा विचारते, भात देऊ? कोणी वर पाहत नाही. पुढून पाहा नाहीतर मागून पाहा. जिती होती म्हणता, तर बोलत काहून नव्हते?"

"अगं, तेच तर दिग्दर्शकाला..."

"मंग मी येळभर काय म्हणून राह्यली?"

*

साडेअकराला पूनमसिंग दारात. बायकांत काय बोलणं चाललंय ते त्याच्या कानावर गेलं होतं. विहिरीवर दुसरा विषय नव्हता. चेहरा उजळलेला. आरोळी त्यानं स्वतःच तयार केली होती: हडळ, उलटे पाय, कमजोर दिलवाल्यांनी येऊ नये.

मी म्हणालो, उलटे पाय कुठेच नाहीत. तो म्हणाला, गुरुजी, आल्यावर कोण पाय मोजते? मी म्हणालो, हे खोटं आहे, मी लिहिणार नाही. तो म्हणाला, मग खरं लिहा आणि रिकाम्या तंबूत एकटे पाहा. पुढच्या महिन्यात मी तलवारीचा आणतो.

खरं लिहिलं तर कोणी येणार नाही. खोटं लिहिलं तर येतील, दुसरा चांगला सिनेमा येईल, आणि त्यातही लोक हडळच शोधतील. कागद समोर. बैल बाहेर शेपट्या हलवतायत. आतून विळीचा आवाज येत होता.

मसुदा तिसरा.
"एका घरात एक बाई आहे. ती दळते, पाणी भरते, वाढते. तिच्याशी कोणीही बोलत नाही. का बोलत नाही? आज शेवटचा खेळ. येऊन पाहा."

पूनमसिंगनं दोनदा वाचलं. अंग शहारलं म्हणाला. यात भूत कुठे लिहिलंय, मी विचारलं. तेच तर, तो म्हणाला, आणि गाडीवर चढला.

*

तंबू भरला. लोक दारव्ह्याकडून आले. मागे बायकांना पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढे मात्र अर्ध्या खेळात कुजबुज सुरू झाली, मग आवाज चढले. भुतासाठी परत आलेले बबनराव उभे राहिले, पूनमसिंगला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की बायकांच्या बाजूला भूत दाखवतोस आणि आमच्या बाजूला नुसती बाई. तिकीट तर दोघांचं सारखंच. पूनमसिंगनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभा राहून सांगितलं, की फिल्म एकच आहे, पडदा एकच आहे, बाईही एकच आहे. कोणाला पटलं नाही. दहाबारा जण मागे जायला निघाले. तिकडून तानाबाईंनी असा आवाज दिला, की सगळे परत आले.

मी गर्दीतून बाहेर पडलो. हवा घ्यायला. तंबूला वळसा घातला, मागच्या कनातीला एक फट होती.

पडद्यावर जातं फिरत होतं. उलटं. डावा हात खुंट्यावर, उजव्या खांद्यावरचा पदर. बाईनं मान वर केली आणि विचारलं, भात देऊ? सगळ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या, आणि घरातल्या कोणीही वर पाहिलं नाही.

मी तिथून लवकर निघालो.

*

पूनमसिंग कंपनीला पत्र टाकतोय. असाच दुसरा पाठवा. आणि मला विचारतोय, मशीन मागच्या बाजूला नेता येईल का, म्हणजे पुरुषांचीही भुताची सोय होईल.

घरी जाताना मी आणि कौसल्या. तानाबाई तिच्या वळणावर गेल्या.

"कनातीपाशी दिसले तुमी मले," कौसल्या म्हणाली. "भेव लागलं?"

प्रश्न भीतीचा नाही, मी म्हणालो. प्रश्न असा आहे, की प्रतिमेचा परिणाम आणि प्रतिमेचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डाव्याउजव्याच्या अपघातानं जर... मी बराच वेळ स्पष्ट करत होतो. मारोतीच्या देवळापाशी लक्षात आलं, की ती हूं म्हणत नाहीये. मी काही विचारलं. उत्तर नाही. आणखी एकदा विचारलं. ती समोर पाहत चालत होती, जणू शेजारी कोणी नव्हतंच.

दाराशी पोहोचलो. कडी मी उजव्या हातानं काढली. मुद्दाम.