भिंतीला भोक नको

भिंतीला भोक पाडायचं नाही, हे मी गणूला त्याने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. तो ड्रिल मशीनची पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या ऑफिसातलं कामही तोच बघतो, म्हणून त्याला घरी बोलावलं होतं.

"साहेब, आधी बघू तर द्या," तो म्हणाला.

"बघ की. पण भोक नाही."

नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला चार महिने झाले होते. हॉलच्या भिंतीला मी टेक्स्चर करून घेतलं होतं. पेंटरने त्यात नऊ दिवस घालवले होते आणि त्या रंगाला तो 'कॉफी' म्हणायचा. येणारा प्रत्येक जण त्या भिंतीवरून हात फिरवायचा आणि मी शेजारी उभा राहून कौतुक ऐकायचो. माणूस कशाचा माज करेल सांगता येत नाही. मी भिंतीचा केला.

वायफायचा राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटावर होता. कॉम्प्युटर सगळ्यात आतल्या खोलीत, सुताराने भिंतीला ठोकून दिलेल्या टेबलावर. ती आईची खोली, आणि ही सगळी खटपट चालली होती तीही आईसाठीच.

माझी आई, हौसा, जन्मापासून बहिरी. तिचा धाकटा भाऊ, माझा रामूमामा, तोही तसाच. करंज्याच्या कोळीवाड्यात दोघं वाढली. शाळेत कोणी घातलं नाही आणि खुणांची भाषा शिकवणारंही तिथे कोणी नव्हतं. तेव्हा त्या दोघांनी आपली आपण एक भाषा तयार केली. कानाच्या पाळीला हात लावला की त्यांची आई, कारण तिच्या कुड्या मोठ्या होत्या. मनगट सैल सोडून हात लुळा हलवला की बोंबील. भरती, ओहोटी, लाज, वादळ, 'हा माणूस गोड बोलतो पण खरा नाही', सगळ्याला खुणा होत्या. ही भाषा पुरी येणारी माणसं जगात दोनच. मला ती बारा आणे येते. माझ्या वडिलांना आठ आणे यायची आणि तेवढ्यावर त्यांचा संसार झाला.

मामा वीस वर्षांपूर्वी जाळी विणायच्या कामाला गुजरातेत वेरावळला गेला आणि बायकोमुलीसकट तिकडचाच झाला. वर्षा-दोन वर्षांनी भेट व्हायची, तेव्हा ही बहीणभावंडं दोन दिवस जेवायचं विसरायची. जेवायला दोन हात लागतात आणि हात रिकामे कुठे असायचे. बाकीचं जग फोनवर बोलायला लागलं तेव्हा ही दोघं होती तिथेच राहिली.

२०१३च्या एप्रिलमध्ये मामाच्या मुलीचा, विनिताचा, फोन आला. मामाचं लिव्हर गेलं होतं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. विनिताला ऐकू येतं, ती तिथे एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला होती. "भावेशदादा, आमच्या घरी स्काइप हाय," ती म्हणाली. "बाबांना आतेशी बोलायचं हाय. रोज सांगतान. तुमी पण जोडून घ्या ना." माझा फोन साधा, पडदा काडेपेटीएवढा. त्यावर हात दिसणार कसे? म्हणून हा कॉम्प्युटर, म्हणून गणू.

गणू सगळ्या खोल्यांतून फिरला. भिंतींवर बोटाने ठोकून पाहिलं. मग म्हणाला, "तीन भिंती हायेत साहेब, त्यातली एक काँक्रीटची. केबल टाकली तर एक नंबर. नायतर कॉम्प्युटरच्या आत कार्ड बसवायचा. नायतर हा डोंगल, मागं खोचला की झाला."

"कार्डात आणि डोंगलात फरक काय?"

"कार्ड जरा ताकदीचा. पण त्याच्या अँटेना पडतात डब्याच्या मागं, टेबलाच्या खाली. तुमच्याकडं डोंगलच बरा. वायर लावून खिडकीवर तरी टांगता येतो."

"मग डोंगल दे."

गणू जागचा हलला नाही. आई पलंगावर बसून आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. कुठली गोष्ट चालली आहे ते तिला बरोबर कळत असतं. तिच्याकडे बघत गणू म्हणाला, "साहेब, तोंडानं बोलायचं असंल तर डोंगल चालंल. चित्र अडकलं तरी आवाज येतो, माणूस समजून घेतो. हातानं बोलायचं असंल तर केबल टाका. बोटाएवढा भोक, वर पट्टी मारतो. दिसणार पण नाय."

"दिसणार कसं नाही? मला दिसेल ना."

"मग दारातून जमिनीवरनं सोडतो."

"आणि दारं लावायची कशी?"

दमयंती, माझी बायको, दारातून हे बघत होती. ती म्हणाली, "कॉम्प्युटरच उचलून थोडे दिवस हॉलमध्ये ठेवू या. नाहीतरी किती दिवसांचा प्रश्न आहे."

"हॉलचा सायबर कॅफे करायचाय का?" मी म्हणालो. माझा तो आवाज लागला की ती पुढे बोलत नाही. गणूने डोंगल काढला, लांब वायर लावून खिडकीच्या गजाला बांधला. पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या दोन काड्या उमटल्या. "बघ," मी म्हणालो. गणू हिशेब न करताच पिशवी उचलून गेला.

पहिल्या दिवशी चार मिनिटं छान गेली. पडद्यावर मामा दिसला, उशांना टेकून बसलेला, डोळे पिवळे, पोट फुगलेलं. पण हात तेच. आईने खुर्ची मागे सरकवली, कारण जवळ बसलं की हात कॅमेऱ्यात मावत नव्हते. ती हसली, रडली, त्याला शिव्या दिल्या, डॉक्टरला दिल्या. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला फार बरं वाटलं. मग मामाचे हात चौकोन चौकोन होऊन फुटले. पुन्हा जुळले तेव्हा तो तिसऱ्याच विषयावर होता. आईने हात वर करून त्याला थांबवलं, मागचं पुन्हा सांग म्हणाली. त्याने सांगितलं, ते पुन्हा फुटलं. मी सवयीने "हॅलो, हॅलो" करत होतो. कोणासाठी, देव जाणे.

मी गणूला फोन करून झापलं. तो शांतपणे म्हणाला, "मी बोललो होतो ना साहेब. केबल टाकू काय? आत्ता येतो, अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, बघू. डोंगल खिडकीवरून काढून कपाटावर ठेवला, कपाटावरून पुन्हा खिडकीवर आणला. पुढचे आठ-दहा दिवस असंच चाललं. कधी तीन मिनिटं, कधी सहा. आई रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून त्या खुर्चीत जाऊन बसायची.

त्या रविवारी अकरा वाजता लागला तो शेवटचा कॉल. मामाला बसवत नव्हतं, विनिताने त्याला मागून धरलं होतं. एकेक खूण करायला त्याला वेळ लागत होता. आईने इकडची तिकडची काही विचारपूस केली नाही. छातीला हात लावला, मग दोन बोटं चालवत त्याच्याकडे नेली. मी येऊ?

मामाने उजवा हात उचलला. तळवा आमच्याकडे. आणि चित्र थांबलं.

त्यांच्या भाषेत 'ये' आणि 'नको' एकाच जागेवरून सुरू होतात. हात वर, तळवा समोर. मग तळवा आडवा हलला तर नको. बोटं खाली मिटून आत ओढली गेली तर ये. फरक आहे तो पुढच्या अर्ध्या क्षणाचा, आणि तोच आमच्यापर्यंत आला नाही. विनिताचा आवाज तुटत आला, "आते... म्हणतान..." आणि तोही गेला. पडद्यावर मामाचा वर केलेला हात दीड-दोन मिनिटं तसाच होता. मग कॉल कटला. पुन्हा लावला, लागला नाही.

आई माझ्याकडे वळली. काय म्हणाला?

इथे मला खरं सांगायलाच हवं. वेरावळला जायचं म्हणजे आधी वांद्रे, मग सबंध रात्र गाडीत आणि वर पुढचा प्रवास. आईला एकटीला पाठवता येत नाही, मला जावं लागलं असतं. बुधवारी आमच्या ऑफिसात वरचे साहेब येणार होते आणि माझ्या बढतीचं ठरणार होतं. विनिताला फोन लावून विचारता आलं असतं. एका मिनिटाचं काम. फोन माझ्या खिशातच होता.

मी तळवा वर केला आणि आडवा हलवला. नको म्हणाला.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग पडद्याकडे, जिथे आता काहीच नव्हतं. तिने स्वतःचा हात वर करून पाहिला, बोटं जरा वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. काहीतरी तिला पटत नव्हतं. पण मला ऐकू येतं. ऐकू येणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं तिला जन्मभर वाटत आलं आहे. डॉक्टरकडे, बँकेत, एसटीत, सगळीकडे मी जे सांगितलं ते तिने खरं धरलं. तिने मान हलवली आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली.

बुधवारी साहेब आले. बढती झाली. गुरुवारी पहाटे विनिताचा फोन आला, मामा गेला.

आम्ही शुक्रवारी पोचलो. सगळं उरकलं होतं. रंभामामी भिंतीला टेकून बसली होती, आईला बघून तिने तोंड पदरात घातलं. मामाची खाट रिकामी होती. खाटेला लागूनच जमिनीवर एक गादी घातलेली होती, वर धुतलेली चादर, उशी. आईने ती बघितली आणि विनिताला खुणेने विचारलं, ही कोणाची?

विनिता त्या माणसाची मुलगी. तिलाही ती भाषा बारा आणे येते. माझी गरज कोणालाच लागली नाही.

तिने हातांनी सांगितलं, तुझी. रविवारी चित्र गेलं तेव्हापासून घातलीय, बाबांनी घालायला लावली. मग तिने तळवा वर केला आणि बोटं आत ओढली. ये. ये. ये. असं करत होते, ती म्हणाली. चित्र गेलंय हे त्यांना समजेना, हात खालीच घेईनात. शेवटी माझ्या आईने तो धरून खाली केला. तीन दिवस दार हललं की तिकडे बघायचे. मी त्यांना सांगितलं, आते निघाली असेल.

मग विनिता माझ्याकडे बघून तोंडाने म्हणाली, "दादा, मी बोलले होते ना तुमाला, बाबा या म्हणतान. आयकू नाय आला काय?"

आई सावकाश माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो झेलला असता, मला राग कळतो. ती नुसती विचारत होती. तिने कानाला बोट लावलं, मग मामाच्या खाटेकडे दाखवलं. तुला ऐकू आलं होतं ना?

मी मान हलवली. नाही.

तिने माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. मग त्या गादीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाराव्यापर्यंत ती तिथेच झोपली. मी मध्येच परत आलो, नंतर विनिता तिला पनवेलला सोडून गेली.

याला आता दोन वर्षं झाली. मी आईला पुष्कळदा सांगायला गेलो, की चित्र थांबलं होतं, मला खरंच कळलं नव्हतं, मला वाटलं तसं मी सांगितलं. यातलं अर्धं खरं आहे आणि कुठलं अर्धं ते तिला ठाऊक आहे. ती भांडत नाही. वेळेवर जेवते, औषध घेते. दमयंतीला ती भाषा चार आणेसुद्धा येत नाही, भाजीपाला, दूध, ऊन, पाऊस, एवढंच. पण मी आईशी काही बोललो, की ती माझे हात थांबेपर्यंत नीट बघते. मग उठून स्वयंपाकघरात जाते आणि हा काय म्हणाला ते दमयंतीला विचारते.